आधी कोणाचं दळलं?

आमच्या बिल्डिंगमध्ये आता प्रत्येक मजल्यावर घरघंटी आहे. सकाळची धावपळ संपली की एकेका स्वयंपाकघरातून घूं घूं सुरू होतं आणि माझं डोकं फिरतं. सून म्हणते, "आई, पिठाच्या मशीनवर कोण राग धरतं?" मी धरते. मला बीपी आहे. डॉक्टर म्हणतात मीठ कमी करा आणि चिडू नका. मीठ मी कमी केलं. चिडणं कमी करायचं तर पेण सोडावं लागेल, आणि या वयात ते काही होणार नाही.

इंदूमावशीची गिरण माझ्या शिलाईच्या दुकानाच्या बरोब्बर समोर होती. मधली गल्ली एवढी अरुंद की टेम्पो शिरला की बायका आपापले डबे घेऊन पायरीवर चढायच्या. मी इकडे मशीनवर ब्लाउज शिवत बसायची, ती तिकडे गिरणीवर उभी. वर्षानुवर्षं आम्ही एकमेकींच्या तोंडासमोर काम केलं. मी तिला नखशिखांत पिठात बघितलेली. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, हातावरची लव पांढरी. लग्नकार्याला ती तोंड धुऊन आली तरी कानामागे आणि भुवयांत पीठ असायचंच, आणि कोणी दाखवलं तर म्हणायची, "ऱ्हाऊं दे गो. नवऱ्यानं सोनं नाय घातलं, तेवढं गिरणीनं घातलं."

माहेर तिचं खाडीकडचं, मिठागरावरचं. बोलणं तसंच खारं. त्यात जन्म गिरणीच्या आवाजात गेलेला, त्यामुळे तिला हळू बोलता यायचंच नाही. दवाखान्यात डॉक्टरांच्या कानात काही सांगायला गेली तर बाहेर बाकावर बसलेल्यांना तिचं दुखणं कळायचं. देवळात कीर्तन चालू असताना ती शेजारणीला "भाजी काय केलीस" विचारायची आणि बुवा थांबायचे. एकदा बुवांनीच उत्तर दिलं, "माठ केलाय घरी." तर ही म्हणते, "खोबरं घातलंय ना?"

दुसरीही एक गोष्ट गिरणीनं तिला दिली होती. पट्टा फिरायला लागला की गिरणीत काही ऐकू येत नाही, म्हणून ती ओठ वाचायची. बाई डबा ठेवता ठेवता काय पुटपुटली, समोरच्या पायरीवर दोघी कोणाबद्दल बोलतायत, सगळं तिला कळायचं. मी माझ्या दुकानात बसून मनातल्या मनात गिऱ्हाइकाला शिवी घातली, तेव्हाही ओठ हलले असतील. मावशी समोरून ओरडली, "सुलू, असं बोलू नये गो, बाई चांगली हाय." बाई माझ्यासमोरच बसली होती. ते गिऱ्हाईक मला परत मिळालं नाही.

आता गिरणीची रीत सांगते, कारण हल्लीच्या पोरींना ती ठाऊक नसते. गिरणीत गेलं की पहिला प्रश्न एकच, "आधी काय दळलंय?" कारण एकाचं दळून झालं तरी दगडांत आणि खालच्या कापडाच्या बाहीत थोडं पीठ राहतंच. ते पुढच्याच्या डब्यात येतं. आधी डाळीचं झालं असेल तर तुमच्या तांदळाच्या पिठाला पिवळी झाक येणार. आधी ज्वारी असेल तर गव्हात ज्वारी येणार. म्हणून बायका विचारतात, आणि उपासाची भाजणी असेल तर दोनदा विचारतात. इंदूमावशी प्रत्येकीला खरं सांगायची. मग दळण संपलं की बाहीवर तळहाताने थपाथप थापट्या मारायची, राहिलेलं पीठ खाली पडावं म्हणून. "घे गो, तुजं तुला," म्हणायची. पण कितीही थापटलं तरी सगळं पडत नाही, हे तिला माहीत होतं आणि आम्हालाही.

एकदा हमीदाआपानं नाचणी दळून नेली आणि तिच्या मागून पाटकरबाईंचे तांदूळ पडले. हमीदाआपा मोहल्ल्यातली, मसाले कुटून विकायची, मावशीची जुनी मैत्रीण. पाटकरबाई निवृत्त शिक्षिका, आमच्या गल्लीतलं सगळ्यात वजनदार माणूस, कोणाच्याही मुलाला रस्त्यात थांबवून पाढे विचारणाऱ्या. त्या दुपारी परत आल्या, भाकरी ताटलीत घालून. भाकरी तांबूस झाली होती. मावशीनं ताटली हातात घेतली, एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाली, "बरी लागते की. बाई, गिरणीचं पीठ हाय हे. चार भाकऱ्या केल्या तर त्यातली येक शेजारणीची आसतेच." पाटकरबाई हसल्या. मला चांगलं आठवतं, मोकळेपणानं हसल्या होत्या. म्हणूनच पुढचं मला जास्त लागलं.

मग तो आठवडा आला. कशावरून पेटलं ते मी सांगणार नाही, कारण जो तो वेगळं सांगतो आणि प्रत्येकाच्या मोबाइलात त्याचा पुरावा असतो. मिरवणूक, स्पीकर, एक दगड. कोणाचा दगड ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण दोन दुकानं जळली ती सगळ्यांनी बघितली. बाजारात पोलीस आले, मोबाइलचं नेट गेलं आणि बंदची हाळी आली.

बंद म्हणजे आपल्याकडे काय असतं ते मला सांगा. अर्धं शटर. कपडेवाला अर्धं शटर, वाणी अर्धं शटर. तो शटरच्या आत स्टुलावर बसतो, गिऱ्हाईक वाकून आत शिरतं, साखर घेऊन वाकून बाहेर येतं. गाडी दिसली की शटर खाली, गेली की पुन्हा गुडघ्यापर्यंत वर. बंदलाही पाठिंबा आणि गल्ल्यालाही पाठिंबा. मीही दार लोटून आत हातशिलाई करत बसले होते, दुसरं काय करणार. पण गिरणीला अर्धं शटर करता येत नाही. ती सुरू झाली की मोटरचा आणि पट्ट्याचा आवाज पार नाक्यापर्यंत जातो. चोरून चालणारा तो धंदाच नाही.

पहिल्या सकाळी गिरण बंद होती. गल्ली इतकी शांत की माझं मला शिलाईच्या दोऱ्याचं ओढणं ऐकू येत होतं. मग वाडीवरच्या कातकरणी आल्या, फडक्यात बांधलेले तांदूळ घेऊन. त्या रोजचं आणतात, रोजचं दळतात, रोजचं खातात. घरी पिठाचा डबा भरून ठेवायची चैन त्यांच्याकडे नाही. बंद आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्या गिरणीच्या पायरीवर बसून राहिल्या. मावशीनं घरातून ते बघितलं. आली, कुलूप काढलं, शटर धाडकन पार वर ढकललं आणि बटण दाबलं. नाक्यापर्यंत आवाज गेला.

मी दार उघडून खुणेनं तिला म्हटलं, मावशी, बंद आहे, उगाच कशाला अंगावर घेतेस. तिनं माझे ओठ वाचले. ओरडली, "बंद दुकानाचा आसतो गो. भुकेचा बंद कोन करतो ते मना दाखव."

पोरं आलीच. पुढे सुयोग, आमच्याच गल्लीतला, गॉगल केसांवर चढवलेला. त्याच्या उष्टावणाच्या वेळचं नाचणीसत्त्व मावशीनंच दळून दिलं होतं, आणि हे ती त्याला रस्त्यात भेटेल तिथे ऐकवायची. पोरं समोर माझ्या दाराशी उभी राहून आपसात बोलत होती. गिरणीच्या आवाजात मला, दोन हातांवर असून, काही ऐकू येत नव्हतं. मावशीला पलीकडून सगळं कळलं. तिनं हात न थांबवता आवाज दिला, "सुयोग, पट्टा कापू म्हनतोस ना? ह्यो नवा हाय रे. कापायचाच तर मागं जुना पडलाय, तो काप. आनि आयशीला विचार, घरात पीठ हाय का संपलं."

पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली. त्यातलं एक तर चक्क हसलं. मग सुयोगनं मावशीजवळ जाऊन काहीतरी समजावल्यासारखं केलं आणि पोरं गेली. मला वाटलं, सुटलो. मी किती मूर्ख.

दुसऱ्या दिवशी सुयोग एकटाच आला, हात जोडून, अगदी आर्जवानं. गिरण चालू ठेव, मावशी, आमची काही हरकत नाही, लोकांचे हाल नकोत. फक्त त्यांचं दळू नको. एवढंच. मी माझ्या पायरीवर होते, मोटर बंद होती, त्यामुळे हे मी कानांनी ऐकलं. "फक्त," "एवढंच," असे शब्द तो वापरत होता. पट्टा कापायला आलेला पोरगा परवडला. मावशीनं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, दगडाला तसं सांगून बघ. त्यानं आयकलं तर मी पन आयकन."

त्या दिवशी हमीदाआपा आली नाही. तिनं निरोप पाठवला की माझ्यापायी तुझ्या गिरणीला काही नको, मी शिजवून भात खाते. निरोप ऐकून मावशी अशी भडकली की निरोप आणणारी बाई घाबरली. गिरण माझ्या नजरेवर सोडून ती तरातरा मोहल्ल्यात गेली. बाजारात तेव्हा चिटपाखरू नव्हतं, नुसते पोलीस आणि जळक्या दुकानांचा वास. परतताना तिच्या डोक्यावर हमीदाआपाचा पत्र्याचा डबा होता. नाक्यावर पोलिसानं अडवलं.

"काय आहे डब्यात?"

"तांदूळ. दळायचं हाय."

"कोणाचे?"

"तू पन तेच विचारतोस?" मावशी म्हणाली, तिच्या नेहमीच्या आवाजात. बाजारातल्या बंद खिडक्यांमागून माणसांनी ते ऐकलं असणार. पोलीस बिचारा दुसऱ्या जिल्ह्यातला, उन्हात उभा राहून शिणलेला. त्यानं हातानंच जा म्हटलं. हमीदाआपाचे तांदूळ दळले गेले, डबा तिच्या घरी पोचला.

आणि मग पाटकरबाई आल्या. दोनच घरं सोडून राहायच्या त्या. स्वच्छ इस्त्रीची साडी, स्टीलचा डबा, डब्याला शिवलेलं झाकण-फडकं. ते मीच शिवून दिलं होतं. गिरण चालू होती. त्यांनी डबा ठेवला आणि मावशीच्या कानाशी वाकून काहीतरी विचारलं. मी समोर शिलाई करत होते. ओठ वाचायला मला येत नाही. पण मावशीचा चेहरा बदललेला मला दिसला.

तिनं हात लांब करून बटण बंद केलं. दळण अर्धवट असताना ती गिरण कधीच थांबवायची नाही, दगड अडकतो. त्या दिवशी थांबवली. पट्टा फिरत फिरत सुस्तावला, थांबला आणि गल्ली एकदम मुकी झाली. त्या शांततेत इंदूमावशी आपल्या रोजच्या आवाजात बोलली.

"बाई, आधी काय दळलं ते विचारा. शंभरदा विचारा, मी सांगन. आधी कोनाचं दळलं, ते माज्या गिरणीत विचारायचं नाय."

पाटकरबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "अगं, हळू बोल," म्हणाल्या. "मी सहज विचारलं. घरात देवाचं असतं, सोवळं असतं."

"इतकी वर्सं तुमच्या देवाला माज्या गिरणीचंच पीठ जातंय," मावशी म्हणाली. "त्यात हमीदा हाय, वाडीवरची सोनी हाय, मी हाय. देवानं कदी परत पाठवलं नाय." मग तिनं तो स्टीलचा डबा उचलला आणि न दळता बाईंच्या हातात दिला. दोन्ही हातांनी, नीट. पाटकरबाई डबा घेऊन गेल्या. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, सगळ्यांनी बघितलं.

गिरण कोणी जाळली नाही. तसं झालं असतं तर निदान पंचनामा झाला असता. चारच दिवसांत सगळं थंडावलं. शांतता कमिटीची बैठक झाली, चहा झाला, फोटो निघाला, त्यात सुयोग पुढच्या रांगेत होता. पुढे बॅनरवरही आला, सलोखा राखल्याबद्दल त्याचं अभिनंदन करणाऱ्या बॅनरवर. तो बॅनर आमच्याच गल्लीच्या तोंडावर लागला होता. गिरणीत येणाऱ्या प्रत्येक बाईला त्याच्याखालून यावं लागायचं.

आणि बायका यायच्या थांबल्या. भांडून नाही, बोलून नाही. भेटल्या की हसायच्या, "कशी आहेस मावशी" विचारायच्या. नुसता डबा आणायच्या नाहीत. त्याच सुमाराला बाजारात घरघंटीवाल्यानं स्टॉल टाकला, हप्त्यावर मशीन, घरबसल्या शुद्ध पीठ. पहिली घरघंटी पाटकरबाईंकडे आली. हळदीकुंकवाला बोलावून त्यांनी ती सगळ्यांना दाखवली. "आपलं आपण दळायचं, दुसऱ्याचा कण येत नाही," असं त्या म्हणाल्या, आणि जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या. मी कुंकू लावून घेतलं आणि न खाता उठले. डाळ आणि पन्हं समोर होतं, माझं आवडतं. एवढाच माझा निषेध. पण मला आजही त्या माना दिसतात. सुयोगचा राग मला येतो तसा कुठल्याही गाढवाचा येतो. या माना डोलावणाऱ्यांचा मात्र येतो तो मुळासकट. या काही वाईट बायका नव्हत्या. आजारपणात एकमेकींना पेज पोचवणाऱ्या बायका होत्या.

मावशीनं गिरण बंद ठेवली नाही. डबा असो नसो, सकाळी शटर पूर्ण वर. गिऱ्हाईक नसलं की ती स्वतःचेच तांदूळ थोडे थोडे टाकून दळायची, कारण रिकामे दगड एकमेकांवर घासले की खराब होतात. मी म्हटलं, "मावशी, कशाला वीज जाळतेस?" तर म्हणाली, "वाडीवरच्या आवाज आयकून येतात गो. आवाज नाय आला तर त्यांना वाटंल, बंद हाय." त्या यायच्या. हमीदाआपाही यायची. मी जायचे. पण डब्यांची रांग नसली की गिरण चालत नाही. मोटर जळली तेव्हा तिनं तिचं वाइंडिंग भरून आणलं. दुसऱ्यांदा जळली तेव्हा मुलगी आली, वैशाली, रोह्याला असते. पोरगी गुणाची, आईला काही कमी पडू देणारी नाही. आई, आता पुरे, माझ्याकडे चल, म्हणाली. मावशी माझ्या दुकानात येऊन बसली. म्हणाली, "आग लावली आसती तर मी परत बांधली आसती गो सुलू. ह्येला काय करू?"

 

हमीदाआपा आता स्टेशनकडच्या चक्कीवर जाते, रिक्षा करून. वाडीवरच्या बायका तयार पिठाच्या पुड्या घेतात, महाग पडतं तरी. गिरणीच्या जागी मोबाइल कव्हरचं दुकान आहे. बंद पुकारला की ते अर्धं शटर करतं.

गेल्या दिवाळीनंतर मी रोह्याला गेले, सुनेच्या नात्यातलं लग्न होतं म्हणून. मावशीला भेटायचं म्हणून एक दिवस आधीच निघाले. कासू स्टेशन मागे पडलं तशी मला घाई झाली. वैशालीचा फ्लॅट छान, गॅलरीत तुळस, हवा भरपूर. दार उघडलं ते मावशीनं. मी क्षणभर ओळखलंच नाही. तिच्या भुवया काळ्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं. आणि ती हळू बोलत होती. "ये सुलू, बस," म्हणाली, तर मलाच पुढे वाकून ऐकावं लागलं.

वैशालीनं भाकरी करायला घेतली. ओट्याशेजारी घरघंटी होती, पांढरी, काचेचं झाकण, जवळजवळ काही आवाज नाही. तांदूळ घातले, दळण झालं, मशीन आपोआप थांबलं. मावशी उठली. खालचा डबा ओढला, दोन बोटांनी पीठ घेतलं आणि अंगठ्यावर चोळलं, गिरणीत चोळायची तसं. बराच वेळ चोळत राहिली.

"बारीक आलं ना, आई?" वैशालीनं विचारलं.

"बारीक हाय," मावशी म्हणाली. मग माझ्याकडे बघून, हळूच, "यात कोनाचंच नाय गो."

"तेच तर चांगलं, आई," वैशाली म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. भाकरी पांढरीशुभ्र होती आणि मी ती ताकाबरोबर ढकलली.

निघताना दारात चपला घालत होते तेव्हा आतून आवाज आला. थप थप थप. मी वाकून बघितलं. मावशी मशीनपाशी उभी होती आणि त्या प्लास्टिकच्या अंगावर तळहाताने थापट्या मारत होती. वैशाली म्हणाली, "आई, त्यात काही राहत नाही." मावशीनं मान हलवली, ऐकलं म्हणून, आणि थापटत राहिली.